डंपरवरचं नाव

खाडी वाचवायची तर पोरांना हाताशी धरा, असं खाडीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं म्हणणं. पनवेलच्या खाडीकाठच्या शाळेत ते काम कोमलवर सोपवलेलं, कारण ती त्याच गावची सून. वर्षभर तिनं पोरांना चिखलात उतरवलं, पाण्याचे नमुने घ्यायला लावले, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांशी कोळंबीची पिल्लं कशी वाढतात ते दाखवलं. शेवटी सांगितलं, तिवरांवर राडारोडा टाकणाऱ्या डंपरचे फोटो काढून आणा. नंबरप्लेटला हे लोक चिखल फासतात, तेव्हा मागचं नाव आलं पाहिजे. फोटो शाळेच्या भिंतीवर लावू आणि तक्रारीलाही जोडू.

आता याला काय म्हणावं! मासळी आटली तशा या गावातल्या होड्या विकल्या गेल्या, डंपर आले, आणि ज्यानं त्यानं आपल्या होडीचं नाव डंपरवर रंगवून घेतलं. नाव सोडलं तर घराची बरकत जाते, अशी समजूत. कोमलला हे पुरतं ठाऊक होतं. पण आपण करंजाड्याच्या बांधकाम साईटवर भराव टाकतो, हे नवऱ्याचं, निकेशचं सांगणं तिनं डोळे झाकून खरं मानलं होतं.

आज रेवानं घरचा मोबाइल पुढे केला. तिवरांच्या कडेला डंपर, हौदा वर उचललेला, मागे पिवळ्या अक्षरांत ‘गुणाबाई’. कोमलच्या सासूचं नाव.

फोटो लावला तर डंपर जप्त, घरची चूल बंद, आणि सासरी तिला दारात उभं कोण करणार? नाही लावला, तर वर्षभर पोरांना शिकवलं ते काय? तिला निकेशचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त. डंपर कुणाचा, हे पोरांना सांगायची गरजच नव्हती. उठून बाहेर जावं असं वाटलं, पण बाहेरही तेच गाव होतं.

रेवा जवळ सरकली. "टीचर, आमी कुणाला नाय सांगणार. पुसून टाकू?"

कोमलला नको म्हणायचं होतं. तिनं मान हलवली, आणि ती होकाराची होती.

रेवानं फोटो पुसला. मग प्रणितनं आपला मोबाइल काढला. त्याच्यामागून मनस्वीनं, जीवननं. त्यांच्या मोबाइलमधल्या डंपरांवरही कुणाच्या बापाच्या, कुणाच्या काकाच्या होडीचं नाव होतं. एकेक करून सगळ्यांनी आपापले फोटो पुसले, आणि पोरांचे चेहरे हलके झाले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना टीचर आपल्यातली वाटत होती. त्यांच्या डोळ्यांतली ती माया कोमलला बघवेना.