फोन आला की निघायचे

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३. दुबईत दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे, गावी तीन चाळीस. एकसष्टपैकी एकोणीस.

हा आकडा मला समिधाने दिला. ती सगुणेची नणंद. गावच्या शाळेत मतदान चालू होते आणि समोरच्या दुकानातील तारेच्या फोनपाशी बसून ती मत देऊन बाहेर पडणारी आमच्या यादीतली माणसे मोजत होती. मतदान गावच्या वेळेने साडेपाचला संपणार होते. दुबईच्या अल कुसैस भागातल्या माझ्या खोलीत, भिंतीवरच्या तक्त्यासमोर, सगुणेचा नवरा दौलत रजा टाकून उभा होता.

सगुणा वरच्या वाडीतून ग्रामपंचायतीला उभी होती. सातपैकी सहा जागा तीन-तीन अशा विभागल्या जाणार, हे दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. सातवी जागा आमच्या वाडीची. ती ज्यांच्याकडे जाईल, तेच डोंगरावरच्या खडीच्या खाणीला ना-हरकत द्यायची की नाही हे ठरवणार. खाणीचे तोंड दौलतच्या घरापासून ऐंशी मीटरवर येत होते. वाडी ज्या झऱ्यावर जगते, तो त्याहूनही जवळ.

मी रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतली आणि एकतीस वर्षे इथे बांधकामांची वेळापत्रके आखली. मतदारयादीही मी तशीच हाताळली. तीनशे अठ्ठ्याण्णव नावांतून पक्की आपली आणि पक्की त्यांची वेगळी काढली. उरल्या एकसष्ट बायका, बहुतेक वयस्कर. त्यांचा कल आपल्याकडे होता, पण उतार उतरून शाळेपर्यंत जाण्याची खात्री नव्हती. सभेने त्या हलत नाहीत, मुलाच्या शब्दाने हलतात. आणि त्यांचे मुलगे इथे, बहुतेक अबुधाबीच्या एकाच साइटवर. प्रत्येक नावासमोर मी मुलाचे नाव लिहिले. प्रत्येकाला आईला आधी सांगून ठेवायला एकच वाक्य दिले: "मतदानाच्या दिवशी मी फोन करीन, मग तू नीघ." फोनची वेळ जेवणाची सुट्टी, बारा ते एक.

"काका," समिधा म्हणाली, "तुमचा तक्ता येऊन रांगेत उभा राहणार आहे का? इथे कुत्रंसुद्धा नाही!"

मी यादीतील मरियमबींना फोन लावला.

"मरियमबी, रामेश्वर बोलतोय. मतदानाला गेला नाहीत?"

"जाणार की. रुहानचा फोन कुठे आलाय?"

"फोन आला नाही तरी जाता येतं."

"वा! लेक म्हणाला, फोन करतो, मग नीघ. मी खाली उतरले आणि मागून फोन आला तर? खाली रेंज नाही. पोराला आठ दिवसांत एकदा वेळ मिळतो. ठेवा आता, लाइन अडवू नका."

त्यांनी फोन ठेवला.

मी तक्त्याकडे पाहिले. फोन हा निघण्याचा इशारा म्हणून मी लिहिला होता. त्या बायकांना तो घरी थांबण्याचा हुकूम झाला होता. बेचाळीस जणी फोनजवळ बसून होत्या. आणि साइटवर सकाळी स्लॅबचे काँक्रीट सुरू झाले होते. ते सुरू झाले की सुट्टी पुढे ढकलली जाते, फोन लॉकरमध्ये राहतात. ही गोष्ट मी आयुष्यभर हिशेबात धरली होती, फक्त या वेळी धरली नाही.

"नंबर द्या काका," दौलत म्हणाला. "मीच रुहान होतो. आवाज खरखरतोय म्हणायचं."

"खोटं बोलायचं नाही, दौलत."

"आणि घरामागे सुरुंग लागले की सगुणाला कोणतं खरं सांगू? यल्ला, चला काका, वेळ जातोय."

मी नंबर दिला.

"अम्मा, मी रुहान. नीघ आता."

फोन स्पीकरवर होता.

"दौलत्या, मेल्या, माझं पोर आधी खोकतं, मग बोलतं." मग त्यांचा आवाज फाटला. "त्याच्या नावानं तू का बोलतोस? त्याला काय झालंय? खरं सांग!"

मी फोन हिसकावून घेतला. "काही झालेलं नाही. रुहान कामावर आहे, सुखरूप आहे. काम थांबवता येत नाही, म्हणून फोन संध्याकाळी येईल. चूक माझी आहे."

"मग हे सकाळी सांगायला काय झालं होतं?" त्या रडत रडत म्हणाल्या. "जाते मी."

तेच वाक्य आम्ही दोन फोनांवरून पुढे म्हणत राहिलो. मुलगा सुखरूप आहे, फोन संध्याकाळी येईल, तुम्ही निघा. काहींनी अनोळखी नंबर म्हणून उचललाच नाही. एकीने "कोण रामेश्वर?" असे विचारून बंद केला. कुंदाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "लेकाला बोलू दे, मग बघू." दौलत त्यांच्यापुढे अक्षरशः गयावया करत होता. दुबईच्या साडेतीनला एकोणचाळीस. पावणेचारला चव्वेचाळीस. चारला, म्हणजे गावच्या साडेपाचला, शाळेचे फाटक लागले तेव्हा आत रांगेत उभ्या असलेल्या धरून सत्तेचाळीस.

चार वाजून दहा मिनिटांनी साइटवर सुट्टी झाली. दौलतचा फोन वाजला.

"भाई, अम्मा फोन उचलत नाही," रुहान घाबरून विचारत होता. "घरी काही झालंय का?"

"काही नाही रे," दौलत भिंतीला टेकत म्हणाला. "मत देऊन चढण चढत असेल."

सोमवारी मोजणी झाली. सगुणा एकशे एकाहत्तर, समोरचा पक्ष एकशे ऐंशी. नऊ मतांनी हार. न आलेल्या बायका चौदा.