न विटणारा फोटो

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरच्या एका माणसाचे दोन फोटो होते: एक ठणठणीत, एक पार विटलेला. लोक ते एकमेकांना दाखवत होते, डोळे पुसत होते.

"फोटो म्हणजे कागद नव्हे बाळांनो, प्राणाची खिडकी!" तेजोमहाराज माईकवर गरजले. "दोन्ही फोटो इथेच छापले. एक रात्रभर माझ्या आसनाखाली राहिला, दुसरा नाही. मग महिनाभर तुमच्याच घरी, तुमच्याच उन्हात! मी हात लावला? नाही! ज्यात तेज उतरलं, त्याला ऊन काय करणार? रोग काय करणार? आणि औषध तरी कशाला हवं?"

उन्हामागून औषध कसं घुसवलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझा धाकटा भाऊ पहिल्या रांगेत होता. त्याच्या हातात मुलीचे दोन फोटो. माझी ही पुतणी अकरा वर्षांची. तिला फिट्स येतात. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली की येत नाहीत. महाराजांनी ताजा फोटो उंच धरला. "हिच्यात तेज आहे. आज संध्याकाळपासून गोळ्या बंद!"

भावाने मान डोलावली. घरी येऊन गोळ्यांची पाकिटं कपाटात टाकली आणि किल्ली खिशात.

"अरे, डॉक्टरांना तरी विचार," मी म्हणालो.

"दादा, हिच्या आईचा फोटो बघ."

भिंतीवर भावजयीचा फोटो होता. चेहरा पिवळट-हिरवा, ओठ कुठे संपतात ते कळत नव्हतं.

"ती आजारी पडली तेव्हाच विटायला लागला होता. महाराज म्हणाले, तेव्हा आणला असतास तर वाचली असती. मला दिसत होतं दादा. मी काहीच केलं नाही." उद्या ढगाळ राहील, असं सांगावं तसं त्याने हे सांगितलं. ती गेल्यापासून वर्षभर तो असाच बोलतो.

संध्याकाळच्या गोळीला चार तास होते. पुतणी आणि तिचे दोन फोटो घेऊन मी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं.

"सर, या दोन वेगवेगळ्या शाया आहेत."

पस्तीस वर्षं शिकवण्याची खोड. मी पुतणीकडे वळलो. "साखर पाण्यात विरघळते, वाळू नाही. एका शाईत रंग साखरेसारखा विरघळलेला असतो. दुसरीत रंगाचे अगदी बारीक कण असतात. ऊन रंग मोडतं. विरघळलेला रंग उन्हाला सुटा सुटा सापडतो, लवकर मोडतो. कणात रंग दाटीने बसलेला; वरचा मोडला तरी आतला टिकतो. कायमचा नाही हं, पण पुष्कळ वर्षं."

"मग महाराजांकडे दोन प्रिंटर आहेत?"

"शाया माझ्याकडूनच नेतात, दोन्ही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, स्वस्त भक्त आणि महाग भक्त असे असतील."

पुतणी हसली नाही. "बाबा नाही ऐकणार. बाई, त्या फरशी पुसायच्या बादलीचा फोटो छापून द्याल? दोन्ही शायांत, याच कागदावर."

घरी तिने टेबलावर चार कागद मांडले आणि प्रत्येकावर पाण्याचा थेंब सोडला. तिच्या विटलेल्या फोटोची शाई पसरली. ताज्याची जागची हलली नाही. एक बादली पसरली. दुसरी जशीच्या तशी.

"बाबा, बादलीतही तेज उतरलंय का?"

भावाने न पसरलेल्या बादलीवरून बोट फिरवलं. "शाई वेगळी असेल. पण आईचा फोटो महाराजांनी नव्हता छापला. तो का विटला?"

याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं, पण पुतणी आधीच स्टुलावर चढली होती. तिने फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले, फोटो बाहेर काढला. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेला काठ चारी बाजूंनी पहिल्या दिवसासारखा होता. आईच्या स्वेटरची बोटभर बाही लालभडक.

"आईचा प्राण जात होता म्हणून रंग गेला असता, तर हा पण गेला असता ना? इथे फक्त ऊन नाही पोचलं." तिने समोरच्या खिडकीकडे बोट केलं.

भावाने त्या लाल पट्टीवर अंगठा ठेवला. रडला नाही.

"म्हणजे मी काही चुकवलं नव्हतं?"

"खिडकीसमोर टांगलास," मी म्हणालो. "एवढंच."

"गोळी किती वाजता असते?"

"आत्ताच," पुतणी म्हणाली आणि पाणी आणायला गेली. भावाने खिशातून किल्ली काढली. कपाट उघडून पाकिटं बाहेर ठेवली.

मुलांनो, कुणी दोन वस्तू दाखवून चमत्कार सांगू लागला, तर आधी विचारा: या दोन्ही कुणी बनवल्या, आणि कशापासून? मग बादली आणा, स्वतः करून पाहा. आणि उत्तर हाती येईपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.