माझ्या पानांतली गुलबक्षी

मित्रांनो, मी एक जुनी ऐतिहासिक प्रेमकादंबरी. पाठीवरचं नाव पुसलं आहे, पण दोनशे बारा पानं शाबूत आहेत. छापखान्यात माझे फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडले, दोऱ्यानं शिवले, वर निळं कापड चढवलं. तेव्हापासून मी गारखेड्यातल्या एका लहान वाचनालयात राहते.

माझ्यात यादवांच्या काळातली गोष्ट आहे. पैठणच्या विणकराची लेक आणि देवगिरीचा एक सैनिक. दारातली गुलबक्षी उमलली की गोदाकाठी भेटायचं, ही दोघांची खूण. एके काळी मला घरी नेण्यासाठी वाचक नंबर लावायचे. कुणीतरी भाकरी थापताना वाचलं, नव्वदाव्या पानावर पिठाचं बोट अजून दिसतं. पुढं मला कुणी नेईना. मी वरच्या फळीवर गेले.

यंदा ग्रंथपाल तात्यासाहेबांनी नियम केला. पाच वर्षांत कुणी न नेलेलं पुस्तक एका वाचकानं वाचायचं आणि अभिप्राय द्यायचा. अभिप्राय वाईट आला तर पुस्तक रद्दीत. मी सुलेखाच्या वाट्याला आले. ती नुकतीच वनस्पतिशास्त्रात पदवीधर झालेली. चाळिसाव्या पानावरच ती थांबली.

"आई, गुलबक्षी अमेरिकेतली. यादवांच्या काळात ती इकडं नव्हतीच. नावच बघ ना, गुल. फारसी शब्द. पैठणच्या पोरीच्या तोंडी तेव्हा कसा येईल?"

आशाबाई मेथी निवडत होत्या. "मंग फूल बदल. शेवंती घाल अन् पुढं वाच. पोरगी घाटावर आली का नाय?"

"शेवंती दिवसभर उघडीच असते. मग खूण कसली राहिली?"

"व्हय ना. म्हंजे लिहिणाऱ्याला फुलातलं कळत होतं म्हण की."

सुलेखा उठून दारात आली. तिथं पत्र्याच्या डब्यात गुलबक्षी होती. चार दिवस ती वहीत फुलं उमलायच्या वेळा लिहीत राहिली. पाच वाजून दहा, पाच वीस, आभाळ होतं त्या दिवशी थोडं आधी. माझी नायिका गुरं परतायच्या जरा आधी घरातून निघते. वेळ जुळली. मग मात्र ती मला हातातून खाली ठेवेना. शेवटच्या प्रकरणात तर एकेक ओळ दोनदा वाचत होती.

वाचनालयात तात्यासाहेब सुतळी घेऊनच बसले होते. "काय बाई, बांधू का गठ्ठ्यात?"

"आधी हे वाचा."

त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "लेखकाचं शतक चुकलं आहे, फुलाची वेळ चुकलेली नाही. ज्यानं फूल इतकं नीट पाहिलं, त्यानं वाट पाहणारी मुलगीही नीट पाहिली आहे."

"म्हंजे पास का नापास?"

"इतिहासात नापास. एटीकेटी देऊन पुढं पाठवा."

तात्यासाहेब पोट धरून हसले. त्यांनी सुतळी बाजूला ठेवली आणि ती चिठ्ठी माझ्या पहिल्या पानावर चिकटवली. आता चुका शोधायला लोक मला नेतात. फुलंब्रीहून रोज ये-जा करणाऱ्या शिवराज मास्तरांनी आणखी दोन शोधल्या. पण त्या विणकराच्या पोरीत ते असे गुंतले, की मला आठ दिवस उशिरा परत आणलं.

मित्रांनो, आमच्यात चूक सापडली तर खुशाल हसा. चिठ्ठीवर लिहून पानात ठेवा, आम्हाला राग नाही. फक्त पेनानं खोडू नका, कोपरे दुमडू नका. आणि मत द्यायचंच असेल, तर शेवटच्या पानापर्यंत या. आम्ही तिथं वाट बघत असतो.