चांदीच्या मानेवरची गाठ

माझी नात पूर्णिमा, तिची थोरली बहीण स्नेहल हिचं लग्न झालं, ते २०२३ साल. मांडव उतरून आठ दिवस झाले असतील, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई संघप्रिया आमच्या कसबा बावड्यातल्या गोठ्यावर आल्या. जनावरांच्या टीबीवर नवी लस आली होती, ती रेडकांना टोचायची होती. मोठ्या म्हशींना लस नव्हती, नुसती तपासणी. मानेवरचे केस कापून कातडीत थेंबभर औषध टोचायचं आणि तिसऱ्या दिवशी गाठ येते का ते बघायचं. बाईंनी हे दोनदा सांगितलं. मी ऐकलं. माझे मालक हंबीरराव मोबाइलवर लग्नाचे फोटो बघत होते.

तिसऱ्या दिवशी चांदीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली. चांदी म्हणजे आमची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. मालक खूश. त्यांनी गल्लीतल्या चार जणांना बोलावून गाठ दाखवली, मग बाही वर करून आपल्या दंडावरचा लहानपणच्या लसीचा वण दाखवला.

"ह्यो बघा. मलाबी अशीच गाठ आलती. लस लागली की गाठ येतीच. आता चांदीला धा वर्सं कायबी हुत न्हाय."

तेवढ्यात संघप्रियाबाई आल्या. त्यांनी गाठ मोजली.

"आजोबा, ही लस नव्हती. गाठ आली म्हणजे म्हैस रोगी आहे. तिला वेगळी बांधा. आणि उकळल्याशिवाय तिचं दूध कुणाच्या तोंडाला लागू देऊ नका."

"बाई, तुमच्या घरात कवा म्हस हुती काय?"

"नव्हती. म्हणून तर शिकून आले."

जमलेल्यांतला एक जण फिस्सकन हसला. त्या हसण्यापायी मालकांनी हट्ट धरला, आणि तो हट्ट माझ्या नातीच्या तांब्यात उतरला.

पूर्णिमा माझ्या मुलाची, अमरसिंहची धाकटी. अठरा वर्षांची, तालमीत कुस्ती खेळणारी. रोज सकाळी मालक तिच्या तांब्यात थेट सडातून धार काढायचे आणि ती उभ्या उभ्या प्यायची. कोल्हापुरात हे नवं नाही. पण रोगी म्हशीचं?

"अवो, पोरीला तेवढं उकळून द्या की."

"उकळल्यावर काय ऱ्हातंय त्यात? पोरीला पैलवान करायचीय, च्याची गाडी न्हाय टाकायची."

मग मी फसवायचं ठरवलं. पूर्णिमेचं दूध मीच काढते म्हणाले. आत नेऊन उकळायचं, कोमट करायचं आणि फेस येईपर्यंत या तांब्यातून त्या तांब्यात ओतायचं. नऊ दिवस निभावलं. दहाव्या दिवशी तांब्याच्या काठाला सायीचा धागा राहिला. मालकांनी तो बोटावर घेऊन माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"कच्च्या दुधाला साय धरती व्हय गं?"

तांब्या अंगणात भिरकावला. दुसरा घेतला, चांदीखाली बसले आणि भरून पूर्णिमेपुढे धरला. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ दे आज्जी. आज्जाला वाईट वाटंल." आणि प्यायली. मी हातभर अंतरावर उभी होते. हात मारून तांब्या पाडता आला असता. पाडला नाही. नवऱ्याच्या हातातला तांब्या नातीदेखत कसा पाडायचा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या डोक्याला आग लागो.

दिवाळीत पूर्णिमेच्या कानाखाली, मानेवर गाठ आली. मालक म्हणाले, पकड बसली असंल. महिन्याभरात गाठ फुगली. दवाखान्यात तुकडा काढून तपासला. टीबी. कुस्ती बंद, कित्येक महिने गोळ्या.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी मालकांना दंडाला धरून पूर्णिमेपुढे उभं केलं.

"बघा गाठ. हिलाबी लस लागली न्हवं?"

ते दंड सोडवून गोठ्यात गेले. संध्याकाळी चांदीची धार काढली, माझ्यासमोर बसून दोन तांबे कच्चं दूध प्याले.

"सत्तर वर्सं पितोय. मला काय झालंय?"

रोज प्याले. पूर्णिमेला उकळलेलं द्यायला मात्र पुन्हा आडवे आले नाहीत. पोट फुगायला लागलं, संध्याकाळी ताप भरायला लागला, तरी डॉक्टरकडे येईनात. डॉक्टर एकच गोष्ट सांगणार होते, आणि ती त्यांना ऐकायची नव्हती.

मालकांच्या रक्षाविसर्जनाला कावळ्यासाठी नैवेद्य मांडला. ज्याला जे आवडायचं ते ठेवायचं, ही आमची रीत. मालकांचे तालमीतले दोस्त ज्ञानूभावजी पेला भरून ताजं कच्चं दूध घेऊन आले आणि गहिवरून बोलले, "धारंच्या दुधावर पोसलेला वाघ गेला."

मी उठले आणि पेला लाथेनं उडवला.

"वैनी! अवो, नैवद्य हाय त्यो!"

"ह्याच दुधानं खाल्लंय त्यास्नी, भावजी. तुमास्नीबी जायचं असंल तर प्या आन् जावा त्यांच्या मागनं."

कुणी हसलं नाही. मला धरून घरी आणलं, दुःखानं डोकं फिरलं म्हणाले. माझं डोकं त्या दिवशी पहिल्यांदा ठिकाणावर होतं.

पूर्णिमा बरी झाली. चांदी खंगत गेली आणि जून २०२४ मध्ये मेली. माझे मालक हंबीरराव ११ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी पोटाच्या टीबीनं वारले.