हसायचं राहून गेलं

“श्वास घे गं बये! फोन आहे तो, गिळणार नाही तुला!” मंगतायारू खेकसली.

नूकरत्नमने श्वास सोडला. तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये तिचाच चेहरा दिसत होता, आणि गेलं मिनिटभर तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा थिजला होता. पहिल्या धड्याचा गृहपाठ तसा सोपा होता. कॅमेऱ्यासमोर बसायचं, नाव-गाव सांगायचं आणि अभिनय का शिकावासा वाटला ते दोन वाक्यांत बोलायचं. तीनदा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला की तिचा श्वास आपोआप बंद होई, पापण्या मिटत आणि मान जराशी डावीकडे कलंडे.

“झालं! मेली पुन्हा,” मंगतायारू कपाळाला हात लावून म्हणाली. “अगं, एकतीस वर्षं मरण्यात घालवलीस. आता या वयात जगायला शिकणार होय?”

यात नूकरत्नमचा दोष नव्हता. हैदराबादच्या कृष्णानगरात राहून तिने ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून काय नाही केलं? लग्नात अक्षता टाकल्या, पुरात धावली, पुढाऱ्याच्या सभेत टाळ्या वाजवल्या. पण तिचं नाव झालं ते बॉडीच्या कामात. प्रेत पाहिजे असलं की शूटिंगला माणसं पुरवणारा यादगिरी तिलाच फोन करी. तिच्याइतका वेळ श्वास रोखणारं माणूस अख्ख्या कृष्णानगरात नव्हतं. माशी नाकावर बसली तरी ती हलत नसे. कॅमेरा तोंडावर आला की मरायचं, एवढा एकच धडा तिला कुणीतरी शिकवला होता आणि तो तिने घोटून घोटून पाठ केला होता.

या एकतीस वर्षांत पडद्यावर तिच्या वाट्याला एकही शब्द आला नव्हता. ‘अय्यो’सुद्धा नाही.

मंगतायारूचं काही वेगळं नव्हतं. दोघी एका खोलीत राहत, एका चुलीवर रांधत आणि एकमेकींना येता-जाता टोचत. पण मंगतायारूने आशेचं गाठोडं कधीच मुसी नदीत सोडून दिलं होतं. म्हणून नूकरत्नमने दोन महिन्यांच्या भाड्याइतकी फी भरून सुपरस्टार कीर्तिधर बाबूंचा अभिनयाचा ऑनलाइन कोर्स लावला, तेव्हा मंगतायारू तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, “त्या पैशात गुडघ्याला तेल आलं असतं.”

“मी शिकायला नाही घेतला गं,” नूकरत्नम म्हणाली.

“मग काय आरती ओवाळायला?”

“शेवटच्या धड्याला बाबू स्वतः फोनवर येणार आहेत. प्रत्येकाला एक मिनिट. एक वाक्य म्हणून दाखवायचं. ते समोर बघणार, ऐकणार.” तिने जरा थांबून आवाज खाली आणला. “त्यांनी मला शब्द दिला होता. चेहरा बघितला की आठवेल त्यांना.”

हा शब्द मंगतायारूने इतक्यांदा ऐकला होता की तिला तो रामनामासारखा पाठ होता.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. राजमहेंद्रवरमजवळ गोदावरीच्या काठी शूटिंग होतं. कीर्तिधर तेव्हा नवा पोरगा, तिसराच चित्रपट. आईच्या प्रेतावर पडून त्याने रडायचं होतं. आईचं काम करणारी बाई मोठी नटी. तिच्या घरी आठवड्यावर लग्न आलेलं. तिरडीवर झोपणार नाही म्हणाली, अपशकुन होतो. मग झोपली नूकरत्नम. तोंडाला हळदीचा लेप, नाकात कापूस, हनुवटीपर्यंत चादर, तिच्यावर झेंडूची फुलं आणि वर एप्रिलचं ऊन. एक नाही, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी शॉट लागायला उशीर होत होता, सगळे झाडाखाली पळाले होते. हिचे पाय उन्हात उघडेच. तेव्हा तो पोरगा स्वतः छत्री घेऊन आला आणि तिच्या पायांवर धरून उभा राहिला. “अम्मा, भाजतंय ना? तुम्ही आहात म्हणून मला रडू येतंय बघा. पुढच्या पिक्चरमध्ये तुम्हाला एक वाक्य नक्की देतो.”

नंतरच्या शॉटला तो असा काही रडला की त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या ओठावर पडलं. आणि तिच्याही मिटल्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. प्रेताने रडायचं नसतं. एरवी रिटेक झाला असता. पण त्याच्याच आसवांत तो मिसळून गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात राहिलं नाही ते आणखीही एक. त्या लाइनीत रीत आहे, माणसाला पडद्यावर मारलं की शॉट संपल्यावर त्याला तिथेच डोळे उघडायला लावून कॅमेऱ्यासमोर हसवतात. फिल्म फुकट गेली तरी चालेल, पण माणूस मेलेला सोडून जायचा नाही. त्या दिवशी शॉट ओके झाला, टाळ्या पडल्या, सगळ्यांनी कीर्तिधरला खांद्यावर घेतलं, उजेड गेला आणि पॅकअप झालं. नूकरत्नम तिरडीवर डोळे मिटून वाट बघत होती. तिला उठवलं ते फुलं गोळा करणाऱ्या बाईने. हसवायचं राहूनच गेलं.

त्यानंतर तीन महिन्यांत तिचा नवरा अप्पाराव, तो लाइटमन होता, शिडीवरून पडून गेला. चित्रपट मात्र दोनशे दिवस चालला. कीर्तिधरचा कीर्तिधर बाबू झाला; त्याच्या पुढे-मागे काळ्या कपड्यांचे दांडगे गडी आले. ‘पुढचा पिक्चर’ येऊन गेला, त्याच्या पुढचा गेला, असे चाळीस गेले. नूकरत्नम दर वेळी यादगिरीला म्हणे, “बाबूंच्या कानावर घाल की.” यादगिरी म्हणे, “घालतो अक्का, घालतो.” तो कानावर काय घालणार? त्याला फाटकाच्या आत कुणी उभं करत नव्हतं.

कोर्स मात्र रीतसर चालू झाला. रोज सकाळची कामं आटोपली की दोघी तांदळाच्या डब्यासमोर बसत. मंगतायारू नाक मुरडत बसे, पण बसे. कीर्तिधर बाबू आता पन्नाशीला टेकला होता, केस काळेभोर, दात पांढरेशुभ्र. नजर, चाल, राग, लाज असा एकेक धडा तो गोड आवाजात समजावून सांगे. नूकरत्नम आरशासमोर सगळं करून बघे. हळूहळू लाल ठिपक्यासमोर तिला श्वासही घेता येऊ लागला. “चला, प्रेतात जीव आला,” मंगतायारू म्हणाली, पण त्या दिवशी तिने न सांगता गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी वाटली. ती नूकरत्नमला आवडते.

सातवा धडा शोकाचा होता. बाबूने काही न बोलता आधी दृश्य लावलं. गोदावरीचा काठ, तिरडी, झेंडू; प्रेताचा चेहरा त्याच्या खांद्याआड.

“अगं, तुझे पाय!” मंगतायारू किंचाळली. “बघ बघ, तो अंगठा तुझाच! वाकडा!”

नूकरत्नमने हात जोडले होते. दृश्य संपलं आणि बाबू पडद्यावर आला, डोळे पुशीत.

“लोक मला आजही विचारतात,” तो म्हणाला, “तुम्ही इतके खरे कसे रडलात? समोर कोण होतं? मित्रांनो, समोर कुणीही नव्हतं. आईचं काम करणाऱ्या बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या. चादरीखाली एक उशी होती. दोन दिवस मी एका उशीवर डोकं आपटून रडलो. ज्याला काहीच नसताना सगळं दिसतं, तो नट.”

धडा पुढे चालू राहिला. मंगतायारूने हात लांब करून फोन उपडा घातला.

बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शेवटी मंगतायारूच म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा औषधालाही नव्हता, “रत्तम्मा, याचा अर्थ काम चोख केलंस बघ तू. इतकी चोख मेलीस की त्याला कुणी दिसलंच नाही.”

“उशीला पाय असतात का गं?” नूकरत्नमने विचारलं.

त्या दिवशी नूकरत्नम जेवली नाही. बावीस वर्षं तिने ती छत्री जपली होती. काम नसेल त्या दिवशी, अंगात ताप असेल त्या दिवशी, भाडं मागायला मालक आला त्या दिवशी ती मनात ती छत्री उघडून तिच्याखाली बसत असे. आता तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. तो छत्री घेऊन आला तरी होता का?

“सोड तो कोर्स,” मंगतायारू म्हणाली. “नाहीतर तोंडावर सांग त्याला, खोटारड्या म्हणावं.”

हे यादगिरीच्या कानावर गेलं, कारण मंगतायारूच्या पोटात काही राहत नाही. तो धावतच आला. “अक्का, पाया पडतो. बाबूंच्या कंपनीतून निम्मं काम येतं आपल्याकडे. तुझ्या एका वाक्यापायी शंभर घरांच्या चुली विझतील.”

“मी कुणाला खोटारडा म्हणणार नाही,” नूकरत्नम म्हणाली. “फी भरलीय. एक वाक्य माझं आहे.”

त्यापुढचे तीन आठवडे ती एकच वाक्य घोळवत होती. भांडी घासताना, नळावर, देवापुढे. पूर्वी ठरवलेलं वाक्य ‘बाबू, मला ओळखलंत का’ असं होतं. ते तिने टाकून दिलं. आता ओळखीची गरज नव्हती. आपण तिथे होतो, एवढं एकदा कुणीतरी मान्य करावं, बस.

रविवारी सकाळी अकराला शेवटचा वर्ग भरला. फोनवर टपाल तिकिटांएवढे चाळीस चेहरे आणि मधल्या मोठ्या चौकोनात बाबू. गुंटूरच्या एका पोराने खलनायकाची डरकाळी फोडली. विजयवाड्याच्या बँकेतली बाई नवऱ्याला उद्देशून रडली. बाबू प्रत्येकाला गोड काहीतरी सांगत होता. मग मोठ्या चौकोनात नूकरत्नमचा चेहरा आला. धुतलेली सुती साडी, कुंकू, तेल लावून चोपलेले केस. मंगतायारू फोनच्या मागे, पदर तोंडात धरून.

“नमस्कारम अम्मा. नाव?”

“नूकरत्नम, बाबू.”

“छान. तुमचं वाक्य.”

तिने श्वास घेतला. श्वास आला.

“बाबू, चादरीखाली उशी नव्हती, मी होते, दोन दिवस होते; तुमच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या ओठावर पडलं, तरी मी हलले नाही.”

बाबू थांबला. त्याचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्या क्षणात त्याला काही आठवलं की नाही, देव जाणे. नूकरत्नमला वाटलं, आठवलं. मंगतायारूला वाटलं, नाही. मग त्याने टाळ्या वाजवल्या.

“अद्भुत! पाहिलंत सगळ्यांनी? सातव्या धड्यातली उशी घेतली अम्मांनी आणि तिला वाचा दिली! मी सांगत होतो ती कल्पनाशक्ती हीच. आणि डोळे बघा त्यांचे. मला स्वतःला क्षणभर खरं वाटलं!”

चाळीस चौकोनांतून टाळ्या झाल्या. गुंटूरच्या पोराने अंगठा वर केला.

“अम्मा, याआधी कुठे काम केलंय तुम्ही?”

फोनमागे मंगतायारू दोन्ही हातांनी खुणा करत होती, सांग, सांग, एकतीस वर्षं, सांग. नूकरत्नमने तिच्याकडे पाहिलं. मग बाबूकडे पाहिलं.

“नाही बाबू,” ती म्हणाली. “कुठे नाही.”

“वाटलंच मला. म्हणूनच इतका ताजेपणा आहे. शिकत राहा. पुढे कोण?”

तिचा चेहरा पुन्हा तिकिटाएवढा झाला. थोड्या वेळाने वर्ग संपला आणि फोनवर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं. नूकरत्नमने ते वाचलं नाही. ती उठून चुलीपाशी गेली, भाताचं आधण ठेवलं आणि तांदूळ काढायला डब्याकडे वळली तर डब्याला अजून फोन टेकलेला. ती तशीच उभी राहिली.

“‘कुठे नाही’ काय म्हणालीस गं?” मंगतायारू ओरडली. “जीभ झडली होती का? एकदा तरी...” पण मग तिची नजर नूकरत्नमकडे गेली. तिने आधणाखालचा गॅस बंद केला, चटई ओढली आणि जमिनीवर अंथरली. “ये. नीज इथे.”

“कशाला?”

“त्या दिवशी तुला हसवलं नव्हतं ना? बावीस वर्षं मेलेली आहेस तू त्या नदीवर. ये, उठवते तुला. रीत आहे ती.”

नूकरत्नम वाद न घालता आडवी झाली. पायाचे अंगठे जुळवले, हात बाजूला घेतले, मान जराशी डावीकडे कलती केली. मंगतायारूने आपली पांढरी चादर तिच्या हनुवटीपर्यंत ओढली. मग गुडघे धरत, कण्हत ती तिच्या उशाशी बसली आणि फोन तिच्या चेहऱ्यावर धरला. लाल ठिपका लागला.

“हां. डोळे उघड. हस.”

चादर हलत नव्हती. अख्ख्या कृष्णानगरात इतका वेळ श्वास रोखणारं दुसरं कुणी नव्हतं.

“हस ना गं, रत्तम्मा. पुरे झालं.”

नूकरत्नमच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि कानाकडे ओघळत गेला. शॉट असता तर रिटेक झाला असता. मंगतायारू कट म्हणाली नाही. हात भरून आला तरी ती फोन तसाच धरून बसून राहिली.