गाडी कोण चालवणार

वर्षाचा पहिला दिवस होता, दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या समुद्रावर लख्ख ऊन पडलं होतं, आणि मिरान सासरच्या पाच माणसांना गाडीत घालून समुद्र दाखवायला निघाली होती. ज्या समुद्राकाठी ती जन्मली, वाढली, तोच हा समुद्र. तो बघायची तिला काडीची हौस नव्हती. तिला जायचं होतं माहेरी, आणि माहेर याच रस्त्यावर होतं, होमिगोतचं टोक ओलांडल्यावर, गुर्योंगपोच्या अलीकडच्या एका वाडीत.

खरं तर ठरलंही तसंच होतं. सकाळी आपल्या घरची पूर्वजांची पूजा आटोपली की थेट तुझ्या आईकडे, असा शब्द तिच्या नवऱ्याने, तेग्यूने, महिनाभर आधी दिला होता. दरवर्षी तो असा शब्द देई आणि दरवर्षी काहीतरी निघे. पण यंदाची गोष्ट निराळी होती. मिरानचे वडील पानगळीच्या दिवसांत गेले होते. नव्या वर्षाला त्यांच्या नावाचं पान पहिल्यांदाच मांडलं जाणार होतं. मिरान एकुलती एक. आई फोनवर म्हणाली होती, "तू आल्याशिवाय मी पान मांडत नाही. तुझ्या बाबांना कुठं कधी घाई असायची?"

म्हणून मिरानने दोन दिवस मान वर न करता काम उपसलं. माशाचे काप, भोपळ्याचे काप, टोफूचे काप; तळून तळून तिच्या केसांनासुद्धा तेलाचा वास लागला होता. हे सगळं कुणासाठी, तर सासऱ्यांच्या आजोबांसाठी, ज्यांचा साधा फोटोही तिने कधी पाहिला नव्हता. पूजा झाली. पुरुषांनी वाकून नमस्कार केले आणि पूर्वजांपुढची तांदळाची दारू प्रसाद म्हणून एकमेकांना पाजली. सासरे प्यायले, तेग्यू प्यायला. सुनेच्या वाट्याला पेले आले, धुवायला.

ती ओट्यापाशी हात पुसत होती तेवढ्यात देगूहून नणंद आली, सुग्यंग, नवऱ्याला घेऊन. आपल्या सासरची पूजा तिने लवकर उरकली होती. माझ्या सासूबाई फार समजूतदार, म्हणाल्या, जा तुझ्या आईकडे, असं तिने कौतुकाने सांगितलं. मिरानच्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सणाला लेकीशिवाय आईच्या घशाखाली घास उतरत नाही हो, त्या म्हणाल्या, आणि लगेच वळून मिरानला सांगितलं, जावईबापूंचं पान वाढ. आपल्या या दोन वाक्यांत काही खुपतंय, असं त्यांच्या मनातही आलं नाही. मिरानच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणं झाली, जावयालाही प्रसाद झाला. मग सुग्यंगला समुद्राची आठवण आली. देगूत समुद्र नाही, चला ना सगळे किनाऱ्याने फिरून येऊ. आता गाडी कोण चालवणार? पुरुष तिघेही प्यायलेले. सुग्यंगकडे लायसन्स होतं, पण लग्नापासून ते कपाटात कपड्यांखाली होतं. सासूबाईंना गाडीच येत नव्हती. राहिली कोण? तेग्यू कानाशी येऊन पुटपुटला, "तुझ्या आईचं घर वाटेवरच आहे. जाता जाता उतरू की."

तिने गाडी काढली.

रस्ता सुंदर होता, याबद्दल तक्रार नाही. डाव्या हाताला निळं पाणी, खडकांवर फुटणारा फेस, पलीकडे पोलाद कारखान्याच्या चिमण्या. दर वळणावर सुग्यंग म्हणे, थांब वहिनी, आणि दर वळणावर वहिनी थांबे. होमिगोतला पाण्यातून वर आलेल्या त्या भल्यामोठ्या कांस्याच्या पंज्याच्या शिल्पासमोर सगळ्यांनी फोटो काढले. काढले मिरानने, त्यामुळे ती एकाही फोटोत नव्हती. वाऱ्याने बोटं बधिर होत असताना आईचा निरोप आला: सावकाश ये, रस्सा तयार आहे, चकत्या तू आल्यावर टाकते. तांदळाच्या चकत्या रश्श्यात आधी टाकल्या की त्यांचा लगदा होतो. आई रस्सा गरम ठेवायला गॅस पुन्हा पुन्हा पेटवत बसली असणार, हे मिरानला तिथून दिसत होतं.

पुढे एक कॅफे आला. काचेच्या भिंतीपाशी बसायला मिळालं, आणि मंडळी अशी ऐसपैस बसली की जणू उठायचंच नाही. कॉफी झाली, केक झाला, सुग्यंगच्या घराच्या किमतीबद्दल बोलणं झालं. ऊन कलायला लागलं. सासऱ्यांनी जाहीर केलं, आता गुर्योंगपोच्या बंदरावर ताजी मासळी खाऊन मगच परतायचं.

मिरानने तेग्यूकडे पाहिलं. तेग्यूने कपात पाहिलं. बायकोच्या माहेरचा विषय निघाला की या माणसाला कपाच्या तळाशी नेहमी काहीतरी सापडे.

मग तिनेच तोंड उघडलं. "बाबा, माझी आई पान मांडायला माझ्यासाठी थांबलीय. मला आत्ता जायला हवं."

"अगं, सुग्यंग वर्षातून एकदा येते," सासूबाई म्हणाल्या. "ती माहेरी आलेली असताना तू निघून जाणार?"

"त्या माहेरी आल्यात, आई. माहेर मलाही आहे."

 सुग्यंग खिडकीबाहेर बघायला लागली. सासऱ्यांना राग आला नाही. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच जास्त लागलं. "सूनबाई, ज्या घरात मुलगा नाही, तिथं पान काय आणि पूजा काय? नमस्कार करायला कोण आहे? संध्याकाळी उभ्या उभ्या भेटून ये आईला. गेलेला माणूस काय, थांबतो."

 या माणसाच्या बापाला, आज्याला, पणज्याला मिरानने बारा वर्षं तळून घातलं होतं. आणि तिच्या बापाला नमस्कार करायला कोणीच नाही! ती मग पाच फूट उंचीची कोण बसली होती इथे, ड्रायव्हर? बाबा दर सणाला वाडीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्या गाडीची वाट बघायचे. गेल्या वर्षीही बसले होते, नवा स्वेटर घालून, आणि ती दुसऱ्या दिवशी पोचली होती. तिने ओव्हरकोट घातला, बिल तेग्यूपुढे सरकवलं आणि गाडीत जाऊन बसली.

मंडळी चढली. गाडी गुर्योंगपोच्या दिशेने निघाली. रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर टांगलेले मासे दिसू लागले, रांगांवर रांगा. एका निळ्या पत्र्याच्या शेडपाशी मिरानने ब्लिंकर दिला आणि गाडी डावीकडे वाडीत घातली.

"बंदर सरळ आहे ना?" सासरे म्हणाले.

तिने आईच्या दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, चावी कोटाच्या खिशात टाकली आणि उतरली. हीटर बंद झाला. मागून तेग्यू ओरडला की निदान चावी तरी दे. ती वळली.

"तू पूर्वजांचा प्रसाद प्यायलायस. सणाचे पोलीस बंदरापाशीच उभे असतात." आणि ती आत गेली.

 आईने चकत्या रश्श्यात टाकल्या. दोघींनी मिळून पान मांडलं: रस्सा, पेअर, खजूर, सुकवलेला मासा, आणि मधोमध बोटीवर टोपी घालून काढलेला बाबांचा फोटो. मिरानने पेला भरून समोर ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. मग दुसरा. दुसऱ्या वेळी तिला लवकर उठवेना. आई पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

बाहेर सासरची मंडळी गाडीतून समुद्र बघत होती. सुग्यंगच्या नवऱ्याने पैसे देऊन ड्रायव्हर मागवायला फोन केला, तर पलीकडचा माणूस हसला. आज सगळे ड्रायव्हर आपापल्या घरी आपल्या बापाचं पान मांडून बसलेत, म्हणाला. हा वारा मासे सुकवतो, माणसांची काय कथा. आधी सासूबाई उतरल्या. मग सुग्यंग, नाक लाल झालेली, तिच्यामागून तिचा नवरा आणि तेग्यू. शेवटी सासरेही आले, आणि त्या मुलगा नसलेल्या घरात, खालून तापवलेल्या गरम फरशीवर, पाय पोटाशी घेऊन बसले. विहीणबाईंनी प्रत्येकापुढे रश्श्याचा वाडगा ठेवला. पानापुढे तेग्यूने एकट्याने वाकून नमस्कार केला, आणि उठल्यावर बायकोच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं.

आईने फोटोपुढचा पेला उचलून मिरानच्या हातात दिला. "घे. बाबांचा प्रसाद."

मिरानने पेला दोन्ही हातांत धरला.

"अगं, अगं, थांब," तेग्यू अर्धवट उठला. "तू प्यायलीस तर गाडी कोण चालवणार?"

तिने सावकाश, थेंबही न ठेवता पेला रिकामा केला. बारा वर्षांत तिने धुतलेल्या पेल्यांपैकी हा नव्हता. मग तो आईपुढे धरला.

"अजून एक दे, आई. आणि या सगळ्यांची अंथरुणं काढ."