अंड्यांचा बुधवार

उकडलेल्या अंड्याचा वास मला सहन होत नाही. आमच्या घरात अंडं कधी शिरलं नाही, माझ्या तोंडात जाणं तर दूरच. पण बुधवारी शाळेच्या पोषण आहारात अंडी असतात, न खाणाऱ्यांना केळी, आणि हे दोन्ही मी नाकाला पदर न लावता वाटते. माझं सोवळं मी घरी ठेवून येते. वर्गात त्याचं काय काम?

पण हे घनश्याम सरांना कोण सांगणार! ते पाचवीला परिसर अभ्यास शिकवतात. यवतमाळहून दारव्ह्यापुढच्या आमच्या शाळेत रोज एकटे कारनं येतात, काचा बंद, एसी सुरू. त्या दिवशी तापमानवाढीचा धडा होता. गाड्यांचा धूर, कोळसा, तुटलेलं जंगल, सगळं भराभर वाचून सरांनी पुस्तक मिटलं.

"आता पुस्तकात नाही ते सांगतो. उन्हाळ्यात इतकं तापते काहून? जीव खाणाऱ्याच्या पापानं. कोणाकोणाच्या घरी मटण-अंडे खाते, हात वर करा."

पलीकडे माझा वर्ग. मधल्या भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. तांड्यावरच्या पोरांनी भाबडेपणानं हात वर केले असणार, कारण मग बाकीची हसली. सरांनी त्या पोरांना उचलून शेवटच्या ओळीत बसवलं.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "सर, गुरं पोसण्यानं हवा तापते, हे शास्त्र आहे. ते शिकवा ना. पाप कुठून आणलं?"

"संस्कार बी द्या लागते, मॅडम," सर दात कोरत म्हणाले. "अन् तुम्ही तं आपल्यातल्याच."

आपल्यातल्याच म्हणे! मला शिसारी आली. अंड्याच्या वासानंही कधी इतकी आली नव्हती. मुख्याध्यापकांकडे गेले, तर ते म्हणाले, "जाऊ द्या ना, मॅडम." आमच्याकडे सगळं असंच जाऊ देतात.

त्या मागं बसवलेल्यांत संगीता होती. तिच्या अंगात रक्त कमी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अंडी खायला सांगितलेली, म्हणून बुधवारी रांगेत पहिला नंबर तिचा. मंगळवारी तिचा बाप गुलाबसिंग शाळेत आला. भांडायला आला असेल म्हणून मी मनातून खूश झाले. त्यानं सरांपुढं हात जोडले.

"सर, म्या गळ्यात माळ घातली. आता घरी काई शिजत नाही तसलं. पोरीले मागं नोका बसवू, पाया पडतो."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि तिथंच उभ्या उभ्या स्टेटसला ठेवला. मला थुंकावंसं वाटलं.

ते स्टेटस रातोरात घरोघरी पोचलं असणार. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सगळी शाळा केळ्यांच्या रांगेत. अंड्यांचं पातेलं तसंच भरलेलं. रांगेच्या टोकाला संगीता उभी होती, ओठ पांढरेफटक. मी तिला बाजूला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा अंडं सोललं. कोमट, गिळगिळीत. श्वास रोखून ते तिच्या ताटात ठेवलं.

"खाय बेटा. पाप-बिप काही नसते. डॉक्टरनं सांगतलं ना तुले?"

तिनं अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, तुमी खाता?"

इतक्या वर्षांत हे मला एकाही पोरानं विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच पडलं नव्हतं. हो म्हणावं तर पोरीशी खोटं बोलायचं.

"नाही," मी म्हटलं. "पण ते माह्या घरचं आहे, संगीता. त्याचा अन् तुह्या..."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. दोन बोटांनी अंडं उचलून पातेल्यात परत ठेवलं, फ्रॉकच्या टोकानं ताट पुसलं आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. केळी केव्हाच संपली होती.